स्वच्छ पंखा

"माणसानं शेवटच्या श्वासापर्यंत आपली कामं आपणच करावीत," असं खंडोजीरावांनी जयनगरच्या आपल्या हॉलमध्ये जाहीर केलं आणि बायकोला स्टूल धरायला सांगितलं. पंखा पुसायचा होता. अंबुबाईंनी एका हातानं स्टूल धरलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याचा पायजमा. गुडघ्यांनी दोनदा नकार दिल्यावर खंडोजीराव एकदाचे वर पोचले.

समोरच्या भिंतीवर ऋतुराजनं, म्हणजे मुलानं, लावून दिलेला कॅमेरा होता. ऋतुराज राहायचा व्हाइटफील्डला. गाव हेच, पण मधल्या ट्रॅफिकमुळे परदेशात असल्यासारखाच. कॅमेरा लागला आणि त्याची काळजी संपली, येणंही संपलं आणि फोनही.

थोड्याच वेळात कॅमेऱ्यातून आवाज आला, "अण्णा, किती वेळा सांगायचं, वर चढू नका म्हणून? उतरा आधी."

"मग पंखा कोण पुसणार? तू?"

"माणूस पाठवतो. उतरा म्हणतो ना. मला मीटिंग आहे."

"सरी, सरी. उतरतो. स्वल्प थांब," खंडोजीराव सवयीनं कानडी मिसळत म्हणाले. आणि काल पुसलेल्या, परवाही पुसलेल्या त्या चकचकीत पात्यावरून ते सावकाश फडकं फिरवत राहिले.

खालून अंबुबाईंनी हळूच पायजमा ओढला.

"अहो, इतक्यात उतरू नका. जेवला का तो, तेवढं विचारू द्या."