जवस

डोहाळजेवणाला जमलेल्या बायका खोळंबल्या होत्या आणि ओटी भरायला सासूबाईच येईनात. शेवटी मृण्मयी अंगावरच्या फुलांच्या दागिन्यांसकट स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून बरणीतलं जवस मुठीमुठीने खात होत्या.

मृण्मयी दारातच थबकली. पीसीओएसमुळे पाळी रखडायची, दिवस राहत नव्हते, तेव्हा तीही असंच जवस खायची. डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीत जिवंत जिवाणू होते. बीजकोशाला जे कमी पडे, त्याचीच ओढ ते जिभेला लावत. दिवस राहिले आणि तिची ओढ थांबली. पण दुधात कालवलेल्या त्या पावडरीचा तळाशी उरलेला घोट रोज सासूबाईच पिऊन टाकत. अन्न वाया गेलेलं त्यांना खपत नसे.

"आई, ओटी भरायचीय ना? सगळ्या थांबल्यात."

सासूबाई दचकून मागे सरकल्या. साठी उलटलेल्या त्या चेहऱ्यावर नुकतंच न्हाण आलेल्या मुलीची लाज होती.

"तुझ्या मावशीला भरू दे," त्या कुजबुजल्या. "आणि जवळ येऊ नकोस गं. सकाळीच कावळा शिवलाय मला."