किल्ला राहिला

टोरांटोहून आई आणि मुलगा दोघंच प्राग बघायला गेले होते. शेवटच्या संध्याकाळी किल्ल्यावर जायचं ठरलं होतं, पण बाथशेवाबाईंची पावलं वाटेतल्या एका जुन्या सिनेगॉगच्या दाराशी थांबली.

दारातल्या म्हाताऱ्याने त्यांची साडी बघितली आणि इंग्रजीत सांगितलं, "टुरिस्ट असाल तर उद्या या. आत्ता प्रार्थनेची वेळ आहे."

"मग आम्ही अगदी वेळेवर आलो," बाई म्हणाल्या.

"आई, चल ना. ही इज सेइंग नो!" योआव कुजबुजला.

बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि कोकणातल्या ज्यू आजोबांनी शिकवलेली 'शेमा' ही हिब्रू प्रार्थना कुठेही न अडखळता मोठ्याने म्हटली. म्हातारा ऐकतच राहिला. मग त्याने योआवचा दंड धरला आणि त्याला जवळजवळ ओढतच आत नेलं. बाईही मागोमाग गेल्या. किल्ला बघायचा राहिलाच.

टोरांटोच्या एअरपोर्टवर घ्यायला आलेल्या सुनेने, एलियानाने, विचारलं, "मम्मी, प्रागमध्ये बेस्ट काय बघितलं?"

"नऊ माणसं," बाथशेवाबाई म्हणाल्या. "प्रार्थनेला दहावा पुरुष मिळत नव्हता, म्हणून आपल्या योआवची वाट बघत बसलेली."