न पुसलेला सूत्रपाठ

‘दिवंगत सुए हामाउरा यांच्या अंत्यविधीत बौद्ध भिक्षूंचा सूत्रपाठ चालू असताना, तो पाठ पुसून टाकणारी प्रार्थना त्यांचे पती तोमेकिची यांनी शेजारच्या खोलीत परंपरेनुसार म्हटली. या बेटावरील चारशे वर्षांची परंपरा अशा रीतीने अखंडित आहे. आवाज अतिशय मंद असल्यामुळे ध्वनिमुद्रण होऊ शकले नाही.’ नगर कार्यालयाच्या संस्कृती विभागाने काढलेल्या पुस्तिकेत, पृष्ठ अकरावर, असे छापले होते.

सुएंच्या मुलीने, किनुएने, ते दोनदा वाचले. अंत्यविधीच्या दिवशी ती आईच्या पायांशी, त्या शेजारच्या खोलीच्या सरकत्या कागदी दाराला पाठ टेकून बसली होती. दाराआडून एक अक्षर आले नव्हते. यंत्राला ऐकू आले नाही, मुलीला ऐकू आले नाही. ऐकले ते फक्त विभागाने. शांततेला ‘मंद आवाज’ म्हणण्यासाठी जी विद्वत्ता लागते, तिला बहुधा शासकीय अनुदान मिळत असावे.

युक्ती जुनी होती. जपानात ख्रिस्ती असणे हा गुन्हा होता त्या काळात प्रत्येक मढ्यावर भिक्षूचा पाठ व्हावा अशी सक्ती होती. पूर्वजांनी भिक्षूला समोर बसवले आणि दाराआड आपला एक माणूस बसवला. समोरच्याने म्हणायचे, मागच्याने पुसायचे. मागच्याची प्रार्थना एका शब्दाने अडखळली तरी पुन्हा आरंभापासून. आणि भिक्षूची शेवटची घंटा वाजण्यापूर्वी ती संपली नाही, तर म्हटली न म्हटली सारखीच. बंदी उठून दीडशे वर्षे झाली. मानेवरची तलवार गेली, युक्ती राहिली, आणि राहता राहता तोच धर्म झाला.

किनुए कोणताच धर्म पाळत नव्हती. ती राहत होती त्या फुकुओका शहरात कोणत्याही अर्जावर त्या रकान्यात ती ‘नाही’ लिहून मोकळी होई. पण आई इस्पितळात रोज एकच सांगत होती : “भिक्षूंना बोलवा, शेजारधर्म आहे. पण मागून पुसा बरं का. नाहीतर मी भलतीकडेच जायची. योशियो तिकडे वाट बघतोय.” योशियो म्हणजे किनुएच्या जन्माआधी, अकरा महिन्यांचा होऊन गेलेला भाऊ. ज्या स्वर्गावर किनुएचा विश्वास नव्हता, त्याच्या दारातून आईला परत फिरवले असेल, या विचाराने तिला एकोणपन्नास दिवस धड झोप नव्हती.

आज मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा, बौद्ध रीतीतला समारोपाचा पाठ आटोपला. पायऱ्यांवर चपला चढवता चढवता म्हातारे भिक्षू थबकले.

“बाई, एक विचारू? चाळीस वर्षं मी या गावात पाठ म्हणतोय आणि मागं बसून तुमचे वडील तो पुसताहेत. त्यांचं पुरं व्हावं म्हणून मी मध्ये मुद्दाम चहा मागतो, दोन घोट जास्तच घेतो. तुमच्या आईच्या वेळी तीन कप प्यायलो. मागून चूं नाही. आजही नाही. माझा पाठ पहिल्यांदाच शाबूत राहिला, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटलं नाही.”

ते गेले. वडील मागच्या अंगणात शेगडीवर सुके मासे भाजत होते. किनुए त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, त्या दिवशी दाराआड काय करत होता तुम्ही?”

“बसलो होतो. या गुडघ्यांनी नाचणार होतो की काय?”

“थट्टा नको. म्हटलीत की नाही?”

“पुस्तिकेत छापलंय ना.”

“पुस्तिकेत तुमचं वयही चुकीचं छापलंय.”

त्यांनी मासा उलटला.

“साठ वर्षांच्या संसारात तिनं तुमच्याकडे काय मागितलं हो? एवढं एकच! अख्ख्या गावाचं पुसलंत, आणि बायकोच्या वेळी तोंडाला कुलूप?” तिचा आवाज चिरकला. “विसरला असाल तर तसं सांगा. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहात. मी रागावणार नाही.”

त्यांनी चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि प्रार्थना म्हटली. त्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, त्यांच्या वडिलांनाही नव्हता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ती कुठेही अडखळली नाही. तोवर शेगडीवरचा मासा जळून काळा झाला होता.

मग ते बोलले, आणि ते कोणत्याही पुस्तिकेत छापले जाणार नसल्यामुळे शब्दशः असे :

“योशियोच्या वेळी माझे वडील अंथरुणाला खिळले होते, म्हणून दाराआड मी बसलो. सव्वीस वर्षांचा होतो. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मध्येच रडू फुटलं. घंटा वाजली. बाहेर आलो तर तुझ्या आईनं विचारलं, ‘झालं ना?’ मी म्हटलं, ‘झालं.’ पोर तिकडेच राहिलं गं, भिक्षूंच्या बाजूला. अठ्ठावन्न वर्षं, एकटं. आता हिचं पुसलं असतं, तर ही कुणाकडे गेली असती? म्हणून गप्प बसलो. सगळे शब्द ओठांपर्यंत येत होते, दात आवळून बसलो. माझ्या वेळी दाराआड बसायला कुणी उरलेलं नाही, ते एक बरं झालं.”