बुरुजावरून काय दिसतं

सोलांजबाईंच्या खिडक्यांच्या झडपांना दिलेला निळा रंग म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम. फ्रान्समधल्या लोआर नदीकाठच्या आमच्या गावाचे नगराध्यक्ष ब्रिसार एक दिवस स्वतः त्यांच्या दारात आले.

"बाई, चारशे वर्षांचा आपला किल्ला! बुरुजावरून पर्यटकांच्या डोळ्यांत तुमचा हा निळा खुपतो. राखाडी करा, नाहीतर आमची माणसं येऊन करतील."

बाईंनी डोळे पुसत झडपा राखाडी केल्या. मग एका रविवारी, आपण एवढं काय बिघडवलं होतं ते बघावं म्हणून, गुडघे धरत जन्मात पहिल्यांदाच त्या बुरुजावर चढल्या.

त्यांचं घर चर्चमागे पार झाकलेलं होतं. उघडा दिसत होता तो ब्रिसारसाहेबांच्या अंगणातला पोहण्याचा तलाव, आणि त्यात नुसत्या चड्डीवर उताणे तरंगणारे साहेब.