शेपटीखालचे पट्टे

नर्सबाईंनी वॉर्डाच्या खिडकीतून टिपलेल्या काळ्या पक्ष्याचा फोटो ओळखायला पाठवला, तेव्हा पक्षितज्ज्ञ सरांनी त्यांना उडवून लावलं, "साधा कोतवाल आहे. तुम्ही आपले पेशंट बघा." महिनाभरात तोच फोटो सरांच्या नावाने मासिकावर झळकला: 'दुर्मिळ कोतवाल-कोकीळ सापडला!' नर्सबाई मूग गिळून बसल्या, त्या थेट सरांच्या सत्कारापर्यंत.

टाळ्या थांबल्यावर त्या उठल्या. "सर, दोन्ही पक्षी काळेच. मग ओळखायचं कसं?"

"दुर्मिळ असतो त्याच्या शेपटीखाली पांढरे पट्टे असतात," सर हसून म्हणाले. "माझ्या फोटोत शेपटी पानांआड गेलीय, एवढंच."



नर्सबाईंनी आपला मोबाइल समारंभाच्या अध्यक्षांच्या हातात दिला. त्याच फांदीवरच्या त्याच पक्ष्याच्या, त्याच मिनिटाला बाईंनी काढलेल्या पुढच्या फोटोत शेपटी खालून काळीकुट्ट होती.