बॅटरीतलं पाणी

बायकोचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीची गोल्फ कार्ट चालवणाऱ्या हिंमतरावांनी कार्टची सीट उचलून बॅटऱ्या उघडल्या. "अहो, चार दिवस थांबला असतात तर कार्ट पळून गेली नसती," सेक्रेटरी म्हणाले. "बॅटरीला सुतक नसतंय, साहेब." दर शनिवारी चार्जिंग संपलं की ते बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर ओतायचे आणि बागेतली झाडलोट सोडून त्यांची बायको विमल टॉर्च धरायला यायची. हिंमतरावांना चष्म्यातूनही आतलं दिसत नसे. पाणी प्लेटांवर चढलं की ती म्हणायची, "बास!" आणि हात थांबायचा. नऊ वर्षांत थेंब सांडला नव्हता. आज टॉर्च धरायला सिक्युरिटीतली नम्रता आली. हिंमतराव ओततच राहिले. पाणी काठोकाठ आलं, फरशीवर ओघळलं. "काका, भरलं की केव्हाच!" ती किंचाळली. हिंमतरावांनी रिकामी बाटली तशीच कलती धरून टॉर्चकडे पाहिलं. "बास कुठं म्हणलीस?"