लवकर सुटलेली

"आमच्या पहिल्या रनरवर जरा नजर ठेवा," बुटाची नाडी आवळत कॅप्टन म्हणाली. "लवकर सुटते ती. सांगून सांगून थकले मी."

सॉफ्टबॉलच्या मैदानावर पहिल्या बेसचा अंपायर टोपी सारखी करत होता. स्वतःच्याच टीमची अशी चुगली करणारी कॅप्टन त्याने पाहिली नव्हती.

"पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आत पाय बेसवरून उचलला की आउट," एवढंच तो म्हणाला. "मग कोणी का असेना."

कॅप्टनला तेवढंच हवं होतं.

ती रनर म्हणजे तिची भावजय, धाकट्या भावाची बायको. लग्नानंतर या टीममध्ये आली आणि बघता बघता तिने घर आणि मैदान दोन्ही खिशात घातलं. आई जेवताना म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे गं! तू जरा शीक हिच्याकडून." तो 'जरा' कॅप्टनच्या घशात काट्यासारखा अडकायचा. लेकीच्या सामन्याला आईला कधी सवड झाली नव्हती. सुनेच्या सामन्याला मात्र ती छत्री घेऊन पहिल्या रांगेत असायची.

त्याहून वाईट घरातला सराव. पायपुसणं म्हणजे बेस. भावजय एक पाय त्याच्या कडेवर टेकवून, दुसरा मागे ठेवून उभी राहायची. समोर भाऊ पिचरसारखा हात गरागरा फिरवायचा. हात खाली येताना ती अंग पुढे झोकायची आणि त्याची मूठ उघडली की सुटायची. पूर्वी हाच हात तो बहिणीसाठी फिरवायचा. आता ती पाणी प्यायला तिथून गेली तरी म्हणायचा, "ताई, बाजूला हो ना, मधे येतेस."

भावजय कधीच लवकर सुटत नव्हती. हे कॅप्टनइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण आज निवडीच्या बाई आल्या होत्या. राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती आणि कॅप्टनच्या गुडघ्याने पुढच्या वर्षाची हमी दिली नव्हती.

सामना अटीतटीचा झाला. कोणाचाच रन होईना. भावजयीने दोनदा बेस चोरला, म्हणजे कोणी बॉल न मारताच पळून पुढचा बेस गाठला, दोन्ही वेळा पाय अगदी चोख. बाई पुढे सरकून बघू लागल्या. कॅप्टन दोनदा बॅटिंगला आली आणि दोन्ही वेळा हवेत बॅट फिरवून परतली.

शेवटून दुसऱ्या इनिंगला टीमच्या दोघी आउट झाल्या होत्या, तिसरी झाली की इनिंग संपणार. भावजय पहिल्या बेसवर होती आणि बॅट पुन्हा कॅप्टनच्या हातात. पहिला बॉल दिसलाच नाही. दुसऱ्यावर बॅट फिरली ती उशिरा. दोन स्ट्राइक. तिसरा झाला की ती आउट, आणि सगळं संपणार होतं.

तिकडे भावजय अंपायरशी काहीतरी बोलत होती. लाडीगोडी लावतेय, कॅप्टनच्या मनात आलं.

पिचरचा हात फिरला. बॉल अजून तिच्या मुठीतच होता आणि भावजय बेस सोडून चांगली दोन पावलं पुढे गेली होती.

"डेड बॉल! रनर आउट!"

अंपायरचा हात वर गेला. कोच कपाळाला हात लावून ओरडला, "शाळेतली पोरं करत नाहीत असली चूक!" आईने छत्री मिटली. निवडीच्या बाईंनी मान हलवली.

कॅप्टनला आतून गुदगुल्या झाल्या. "होतं असं," ती भावजयीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "सराव कमी पडतो."

"सॉरी, ताई." भावजयीने मान वर केली नाही. "आता पुढच्या इनिंगला पहिल्या तुम्हीच."

ते खरं होतं. तिसरी आउट रनर झाल्यामुळे कॅप्टनची पाळी अर्धीच राहिली होती. समोरच्या टीमला शेवटच्या इनिंगलाही रन काढता आला नाही आणि कॅप्टन कोऱ्या पाटीने पुन्हा उभी राहिली. पहिलाच बॉल तिने असा उचलला की तो कुंपणापलीकडे जाऊन पडला.

सामना जिंकला. बाईंनी तिचा हात हातात घेतला. "त्या मुलीचा विचार होता आमचा. पण नुसता वेग काय कामाचा? पाय ताब्यात हवा. तू येतेस संघात."

आईने तिला मिठी मारली. भावाने तिला उचलून गरगर फिरवलं. लांब बाकावर भावजय एकटीच बूट काढत बसली होती. तिच्याकडे कोणी फिरकलं नाही.

कॅप्टन मुद्दाम अंपायरकडे गेली. तो बॅग भरत होता.

"बघितलंत ना? मी म्हटलंच होतं."

अंपायरने सावकाश चेन ओढली.

"तुम्ही नसतं सांगितलं तरी दिसलंच असतं मला," तो म्हणाला. "सुटायच्या आधी विचारलं तिने, 'सर, मी आत्ता आउट झाले तर ताईंचे दोन्ही स्ट्राइक पुसले जातात ना?'"